सात हजार खुर्च्या आणि सिडनीचं ऑपेरा हाउस

दिल्लीच्या प्रगती मैदानावरच्या भारत मंडपम या परिषद केंद्राचं उद्घाटन 26 जुलै 2023 रोजी झालं, तेव्हापासून एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: हे सभागृह सिडनीच्या ऑपेरा हाउसपेक्षा मोठं; तिथे साडेपाच हजार बसतात, इथे सात हजार. कुठलीही परिषद, कुठलंही प्रदर्शन आता इथे मावेल. देशाला अशी जागा पहिल्यांदाच मिळाली, आधी प्रगती मैदानावर नुसत्या जुनाट शेड होत्या.

इमारतीबद्दल तक्रार नाही. मजकुराबद्दल आहे.

'ऑपेरा हाउसपेक्षा मोठं.' सरकारी माहितीत सात हजार ही बहुउद्देशीय सभागृह आणि प्लेनरी हॉल (सर्व प्रतिनिधींनी एकत्र बसायचं दालन) यांची मिळून क्षमता दिली आहे. फॉरवर्ड होता होता 'मिळून' गळलं. ऑपेरा हाउसचा आकडाही बेरजेचाच आहे. तिथल्या सगळ्यात मोठ्या हॉलमध्येही तीन हजार माणसं मावत नाहीत, कारण ते संगीत-नाटकाचं घर आहे: उताराची बैठक, जागेवर ठोकलेल्या खुर्च्या, आवाजाच्या हिशोबाने बांधलेलं छत. ही तुलना म्हणजे बालगंधर्व रंगमंदिरापेक्षा अमुक मंगल कार्यालय मोठं, असं सांगण्यासारखी. सिडनीशीच बरोबरी करायची तर डार्लिंग हार्बरच्या इंटरनॅशनल कन्व्हेन्शन सेंटरशी करा. ते डिसेंबर 2016 मध्ये उघडलं. त्याच्या एकट्या मोठ्या थिएटरात सुमारे 8,000 जण बसतात आणि प्रदर्शनाची जागा 35,000 चौरस मीटर आहे.

शिवाय सुट्या खुर्च्यांच्या हॉलची क्षमता मांडणीवर ठरते. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर माणशी 8 ते 10 चौरस फूट लागतात, जेवणाची गोल टेबलं मांडली तर 12 ते 15, आणि लिहायला टेबलं दिली तर 15 ते 18. म्हणजे चार हजारांचा म्हणून ठरवलेला हॉल टेबलं आली की सव्वादोन हजारांवर येतो. त्यातून स्टेज, एलईडी भिंत, कॅमेऱ्याचा चौथरा आणि बाहेर पडायच्या वाटा वजा करा. आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या मांडणीत?

'कुठलंही प्रदर्शन मावेल.' हा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा, कारण तो हॉल बुक झाल्यावर कळतो. सात हजार भरणारी ही दोन्ही सभागृहं तिसऱ्या लेव्हलवर आहेत. सुट्या खुर्च्यांच्या सभागृहाच्या जमिनीसाठी आपल्या भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे 500 किलोचा भार धरतात. सहा टनांचं सीएनसी यंत्र (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं) सहा चौरस मीटरवर उभं केलं की हजार किलो झाले, सरळ दुप्पट. त्यात फोर्कलिफ्टच्या चाकाखाली सगळं वजन तळहाताएवढ्या जागेवर येतं. खाली स्टीलच्या प्लेटा टाकून भार पसरवता येतो, नाहीसा करता येत नाही. म्हणून अवजड यंत्रांची प्रदर्शनं तळमजल्याच्या हॉलात भरतात, जिथे ट्रक थेट दारापर्यंत येतो. तिथेही तीन मीटरचे रस्ते आणि आग विझवायच्या नळांपुढची (हायड्रंट) मोकळी जागा सोडली की विकायला निम्म्याच्या आसपास क्षेत्र उरतं. तीन बाय तीनचे स्टॉल मोजायचे ते या उरलेल्या क्षेत्रात.

'पहिल्यांदाच.' विज्ञान भवन 1956 सालचं. त्याच वर्षी युनेस्कोची सर्वसाधारण परिषद तिथे झाली, 1983 मध्ये अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषदही. मुख्य सभागृह बाराशेच्या आसपासचं, म्हणजे आजच्या मानाने लहान. पण 98व्या मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन फेब्रुवारी 2025 मध्ये तिथेच झालं. पुढची सत्रं तालकटोरा स्टेडियममध्ये.

'जुनाट शेड.' त्या 'शेड'मध्ये हॉल ऑफ नेशन्स होता. वास्तुविशारद राज रेवाल, संरचना अभियंता महेंद्र राज, साल 1972. सत्तर मीटरहून रुंद दालन, मध्ये एकही खांब नाही. असं छत पेलणारा तिरप्या दांड्यांचा त्रिमितीय सांगाडा एरवी पोलादी नळ्यांचा करतात. तेव्हा पोलाद महाग आणि दुर्मिळ, मजुरी स्वस्त. म्हणून अख्खा सांगाडा काँक्रीटमध्ये जागेवरच ओतला. एकेक तिरपा दांडा, एकेक सांधा, प्रत्येकाला फर्मा बांधून. 1980 पासून दर नोव्हेंबरचा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा याच आवारात भरत आला. एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत तो हॉल पाडला. वारसा म्हणून जपायला इमारत 60 वर्षांची हवी, अशी अट वारसा समितीने लावली होती, आणि त्याचं वय भरलं 45.