संगत तोडायला लावून भागत नाही

‘वाईट संगत दिसली की मैत्री तोडायला लावा’ हा मुलांच्या संगतीवरच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. नाशिकरोडला मी सहावी ते आठवीच्या शिकवण्या घेते. या वयात गटाबाहेर पडण्याएवढी मोठी शिक्षा मुलांना दुसरी वाटत नाही. बंदी घातली की मैत्री लपूनछपून चालू राहते, आणि घरी सांगणं तेवढं बंद होतं.

गंगापूर धरणाच्या पाण्यात उतरणं धोक्याचं आहे, हे कुठलाही सातवीतला मुलगा एकटा असताना नीट सांगेल. काठावरून चार जण ‘घाबरट’ म्हणाले की तोच उतरतो. अक्कल नाही म्हणून नव्हे! मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळातून हे तपासलं होतं. सोबत मित्र असले की १३ ते १६ वर्षांची मुलं एकटी असताना घेत त्याहून बरीच जास्त जोखीम घेत होती. प्रौढांमध्ये तसा फरक दिसला नाही.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग कॉलेजच्या मुलांवरचे, पण इथे उपयोगाचे आहेत. त्यांत गटातले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. खरं बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी चुकीच्या बहुमतापुढे मान डोलावणं खूप कमी झालं. म्हणून मुलाचा असा एखादा मित्र हेरा, त्याला घरी जेवायला बोलवा. ‘आई ओरडेल’ हे निमित्त सांगायची मुलाला खुशाल मोकळीक द्या. मारहाण किंवा धमक्यांपर्यंत गेलं असेल तर मात्र थांबू नका, शाळेत जा, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.