सि्थती गंभीर, चचार् सुरू

शीर्षकात मुद्रणदोष नाही. मराठीत लिहून ते ईमेलने धाडणाऱ्या कुणाही माणसापुढे ही ओळ धरा, तो न अडखळता वाचून दाखवेल: ‘स्थिती गंभीर, चर्चा सुरू’. दिवाळी अंकासाठी लेख लिहिणं आता काही फार अवघड राहिलेलं नाही. लेख सुचतो, नाही सुचला तर संपादकांच्या तिसऱ्या फोनला सुचतो. अवघड असतं ते पुढचं. लेखकाच्या संगणकातून निघालेला मजकूर छापील पानावर पोचेपर्यंत त्यातल्या वेलांट्या अलीकडच्या स्टेशनावर उतरलेल्या असतात आणि रफार झोप लागून पुढे गेलेले असतात.

१९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हा लेखक कागदावर लिहीत असे आणि कंपोझिटर ते वाचून खिळे जुळवत असे. दोघांत भांडायला एकच विषय होता, लेखकाचं अक्षर. आता अक्षर सगळ्यांचंच सुरेख असतं, आणि भांडणाचे विषय मोजायला दोन हातांची बोटं पुरत नाहीत.

मूळ दुखणं असं. आपण फोनवर किंवा संगणकावर लिहितो ते युनिकोड. त्यात ‘क’ला, काना-मात्रेला, पाय मोडण्याच्या चिन्हालासुद्धा स्वतःचा क्रमांक असतो; फॉन्ट कुठलाही लावा, ‘क’ हा ‘क’च राहतो. डीटीपीवाल्याकडचे, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्याकडचे, जुने फॉन्ट या भानगडीत पडतच नाहीत. ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतात, बस्स. कृतिदेव हा असाच एक जुना फॉन्ट लावून टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच असा असतो. संगणकाला त्यात मराठी कुठेच दिसत नाही. फॉन्ट काढून घेतला तर आपल्यालाही दिसत नाही.

डीटीपीवाल्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्याच्याकडे शीर्षकांसाठी जमवलेले शेकडो नक्षीदार फॉन्ट असतात, बोटं एका कीबोर्डवर वीस वर्षं बसलेली असतात, आणि पेजमेकर हा पानं लावायचा प्रोग्रॅम त्याला पाठ असतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ साली आली आणि तिला युनिकोड देवनागरी कळत नाही. दिवाळीच्या तोंडावर दहा अंक हातात असलेल्या माणसाला ‘नवीन तंत्र शिकून घ्या’ म्हणणाऱ्या लेखकाने आधी आपला लेख वेळेवर द्यावा.

तर आपला युनिकोड लेख त्याच्याकडे गेला की तो कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे युनिकोडचा जुना फॉन्ट करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकतो. इथे एक अडचण आहे. युनिकोडात क्रम उच्चाराचा असतो: ‘स्थि’ लिहिताना आधी स, मग पाय मोडायचं चिन्ह, मग थ, शेवटी ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टात क्रम डोळ्यांना दिसतो तसा: आधी वेलांटी, मग अर्धा स, मग थ. रफाराचं याच्या उलट. युनिकोडात तो अक्षराच्या आधी येतो, जुन्या फॉन्टात सगळ्यात शेवटी, कान्याच्याही मागे. म्हणजे कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून योग्य जागी नेऊन ठेवावा लागतो. अंक छापून झाल्यावर तोच मजकूर संकेतस्थळावर टाकायला पुन्हा युनिकोडात आणतात, तेव्हा हीच कसरत उलट्या बाजूने. कच्चा कन्व्हर्टर वेलांटी एकच घर सरकवतो, जोडाक्षर ओलांडत नाही, झाली ‘सि्थती’. रफार हलवायलाच विसरला की ‘चचार्’, ‘वषार्’. वाचक समजतो की लेखक प्रयोगशील आहे.

इंग्रजी शब्दांची कथा याहून करुण. लेखाखाली आपण हौसेने ईमेल पत्ता देतो. ऑपरेटर सगळा मजकूर निवडून त्याला एकदम कृतिदेव लावतो, आणि पत्त्याच्या शेवटचं ‘जीमेल डॉट कॉम’ छापून येतं ‘हउंपसण्बवउ’. ही काही मी रचलेली गंमत नाही. जी म्हणजे ह, एम म्हणजे उ, ए म्हणजे अनुस्वार, आय म्हणजे प, एल म्हणजे स, टिंब म्हणजे अर्धा ण, सी म्हणजे ब, ओ म्हणजे व. सरकारी पत्रकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत ‘हउंपसण्बवउ’ सर्वत्र भेटतं. त्याच हिशेबाने ‘कॉम्प्युटर’ हा रोमन लिपीतला शब्द ‘बवउचनजमत’ होतो. तेव्हा लेखात रोमन अक्षर ठेवूच नका. ईमेल द्यायचाच असेल तर वेगळ्या फाइलमध्ये द्या आणि ‘हा इंग्रजी फॉन्टमध्ये ठेवावा’ असं ठळक लिहा. तरी एकदा तपासा.

सगळ्यात घातकी अक्षर मात्र ‘दऱ्या’तलं. हे दोन प्रकारे टाइप होतं. एक, नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, पाय मोडून, पुढे य. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, पाय मोडायचं चिन्ह, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण फाइल या प्रोग्रॅममधून त्या प्रोग्रॅममध्ये जाताना अदृश्य चिन्ह गळालं, की सह्याद्रीच्या दऱ्या एका फटक्यात दर्या होतात आणि गिर्यारोहणावरचा लेख कोळीगीताच्या वाटेला लागतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर शिफ्ट धरून जे दाबा, नुक्त्याचा ऱ मिळतो. मग डी दाबून पाय मोडा, मग य. दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका. तसंच ‘ॲ’चं. एका क्रमांकाचा स्वतंत्र ॲ युनिकोडात २००८ साली आला. त्याआधीची मंडळी अ लिहून वर चंद्र काढत, आणि काही कीबोर्ड अजून तेच करतात. दोन्हींत काही फरक दिसत नाही, पण लेखात ‘ॲसिड’ शोधायला गेलात तर निम्मी ॲसिडं सापडत नाहीत.

काही ठिकाणी ऑपरेटर तरुण असतो आणि पानं लावायला इनडिझाइन हा नवा प्रोग्रॅम वापरतो. तिथे युनिकोड थेट चिकटवता येतं, म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. तो अर्धवट टाकावा. परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडला नसेल तर जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, आणि पानभर अक्षरं पाय मोडून पडलेली दिसतात. उपाय एका क्लिकचा आहे. तो फोनवर सुचवायचा तर आवाज शक्य तितका नम्र ठेवावा, कारण पुढच्या मिनिटाला आपल्याच लेखातला परिच्छेद ‘जागेअभावी’ कमी होऊ शकतो.

संगणकाच्या मोजदादीचा एक उपद्रव वेगळाच. लेखक-परिचयाच्या ऑनलाइन अर्जात ‘२५० अक्षरे’ अशी मर्यादा असते. आपण मनात मोजतो ते अक्षर, अर्ज मोजतो तो क्रमांक. ‘ज्ञानेश्वर’ आपल्या लेखी चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, र. अर्जाच्या लेखी दहा. जिचं नाव ‘उमा’ आहे तिला परिचयात दोन पुरस्कार जास्त बसतात. मोबाइलच्या एसएमएसचंही तेच. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. संपादकांना ‘लेख उद्या नक्की’ एवढंच कळवायचं असेल तर ७० भरपूर झाले. कारणं द्यायची तर दोन संदेशांचे पैसे पडतात.

एवढं सगळं टाळायचं तर लेखाच्या आधी एक कसोटीची ओळ पाठवून ठेवावी. माझी पसंती या ओळीला: ‘कीर्ती, स्थिती, चर्चा, वर्षा, दऱ्याखोऱ्या, ॲसिड, वाङ्मय, दुःख, श्रीकृष्ण’. ऑपरेटरने ती बदलून, छापून तिचा फोटो पाठवला आणि नऊही शब्द धडधाकट आले तर पुढे लेख धाडावा. लेख वर्डच्या फाइलमध्ये द्या आणि त्याच मजकुराची पीडीएफही सोबत जोडा. पीडीएफ छापायला नसते, ‘मी काय लिहिलं होतं’ याचा पुरावा म्हणून असते. व्हॉट्सॲपच्या चौकटीत लेख चिकटवून पाठवू नका. तिथे तिरपी अक्षरं करायला वापरलेल्या खुणा भलत्याच शब्दांना लागू होतात, आणि लेख पुढे गेला की पहिल्या तीन हातांत लेखकाचं नाव गळतं. आठवडाभरात तो लेख आपल्यालाच कौटुंबिक ग्रुपवर ‘खूप छान, अवश्य वाचा’ म्हणून येतो. आपणही अंगठा दाखवावा.

प्रूफ हल्ली पानाच्या फोटोतून येतं, तेही तिरक्या. दुरुस्त्या फोटोवर बोटाने गोल काढून देऊ नका, त्या गोलात चार शब्द मावतात आणि पाचवाच बदलला जातो. ‘पान ३, डावा स्तंभ, वरून ७वी ओळ: चचार् नको, चर्चा हवं’ असं लिहून द्यावं. ओळी खालून मोजायच्या भानगडीत पडू नये. एक दुरुस्ती केली की ओळी सरकतात, म्हणून यादी शेवटच्या पानापासून पहिल्याकडे द्यावी. दुसरं प्रूफ आलं की केवळ आपल्या खुणा पाहून ‘ठीक आहे’ कळवू नये, त्या खुणांच्या मागची-पुढची ओळही वाचावी. नवी चूक हटकून तिथेच असते.

आणि मानधनासाठी बँकेचा तपशील मागितला तर तो लेखाच्या फाइलखाली मुळीच लिहू नका. आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं रोमन असतात, आणि त्यांचं काय होतं ते वर आलंच आहे. वेगळी मेल, विषयाच्या जागी ‘मानधन’, आणि दिवाळीनंतर एक आठवण. पाडव्यापर्यंत थांबावं, संपादकही माणूसच आहे.