कुकर, मोग आणि बदामची राणी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक विधी असतो. प्रत्येकाने वर्षभरातले आपले पाच आवडते गेम टाकायचे, बाकी तिघांनी त्यांची यथेच्छ नालस्ती करायची आणि ज्याची यादी सगळ्यात टाकाऊ ठरेल त्याने मिसळ खिलवायची. कॉलेजात सुरू झालेला हा प्रकार चाळिशीतही चालू आहे. तेव्हा पाचातच बसवायचे म्हणून भांडणं व्हायची. आता पाच आणायचे कुठून, ही पंचाईत.

२०२४ ची यादी मी मोठ्या थाटात सुरू केली. पहिल्या नंबरवर 'एल्डन रिंग'ची जूनमध्ये आलेली पुरवणी, 'शॅडो ऑफ द अर्डट्री'. पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे भरले, डाउनलोड केली आणि मग कळलं, की मूळ गेममधल्या राडान आणि मोग या दोन धेंडांना लोळवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. राडान कधीच लोळला होता. मोग शिल्लक होता. म्हणजे बुकिंग झालं, रक्कम भरली, पझेशन नाही. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला याचं विशेष वाटत नाही.

मोगने तीन आठवडे खाल्ले. हा शिंगवाला बाबाजी मारता मारता मोजतो, 'ट्रेस... दुओ... उनुस...' आणि 'निहिल' म्हणाला की आपलं रक्त शोषून स्वतः टवटवीत होतो. आमचा कॉम्प्युटर हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. मोगचे आकडे तीनवरून खाली यायचे, कुकरच्या शिट्ट्या एकवरून वर जायच्या, आणि दोन्ही हिशेब एकाच क्षणी पुरे व्हायचे. आतून बायकोची हाक, "अरे, गॅस!" या गेमला थांबवायचं सरळ बटणच नाही. एक चोरवाट आहे: मेनू उघडायचा, मदतीत शिरायचं, 'मेनू एक्सप्लनेशन' निवडायचं, की सगळं जागच्या जागी गोठतं. पण तेवढं करेपर्यंत मी तरी मेलेलो असायचो, नाहीतर पाचवी शिट्टी झालेली असायची. त्या महिन्यात आमच्याकडे डाळ घोटावी लागली नाही.

'हेलडायव्हर्स २' मध्ये तर चोरवाटही नाही. चौघांनी मिळून ऑनलाइन खेळायचं, आणि आपल्याच माणसाची गोळी आपल्याला लागते. वर, उजवीकडे, खाली, खाली, खाली अशी बटणं दाबली की आकाशातून ५०० किलोचा बॉम्ब येतो. तो ठाण्याच्या मित्राने नेमका मी उभा होतो तिथे मागवला. "तू हललास का नाहीस?" म्हणून वर मलाच ओरडला. म्हटलं, इस्त्रीवाल्याला सुटे देत होतो.

'ब्लॅक मिथ: वुकाँग' आला २० ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. १३० जीबी! तो उतरेपर्यंत घरात बाकी कोणाला व्हिडिओ म्हणून बघता आला नाही. सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतल्या वानरराजावरून बेतलेला गेम. पण पडद्यावर हातात दांडकं घेतलेलं माकड, बाहेर श्रावण आणि मागे सोफ्यावर आई. सुरुवातीलाच रानात एक मोठ्या डोक्याचं निळं भूत भेटतं, त्याने मला सतरा वेळा आपटलं. "अरे, श्रावणात मारुतीला मार खायला लावतोस?" म्हटलं, आई, हा मारुती नाही, चिनी आहे. "मग शेपूट कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे सगळे शनिवार गेम बंद राहिला.

चौथ्या-पाचव्या जागेसाठी डोकं खाजवत होतो, तेवढ्यात स्टीमने, म्हणजे मी गेम घेतो त्या ऑनलाइन दुकानाने, वर्षाचा हिशेब पाठवला. कोणत्या गेमवर किती वेळ घालवलात, ते टक्क्यांत. एल्डन रिंग अकरा, वुकाँग नऊ. आणि एकाहत्तर टक्के 'बलाट्रो'. हा पत्त्यांचा गेम मी घेतला होता खरा, पण एकाहत्तर? मी इतका खेळलो असतो तर नोकरी राहिली असती का? मग मिळवलेली पदकं उघडून पाहिली. त्यातल्या एकावर २२ ऑक्टोबर, दुपारी २:४०. मंगळवार. त्या वेळी मी हिंजवडीत मीटिंगमध्ये माना डोलवत होतो.

कीबोर्ड उचलला. खाली कॅलेंडरचं फाडलेलं पान, मागच्या कोऱ्या बाजूला बाबांचं टपोरं अक्षर: 'एकरंगी ३५ × ४. तीन-दोन ४० × ४. दोन जोड्या २० × २, नादी लागू नये.'

ज्या माणसाने माझ्या दहावीत व्हिडिओ गेमची वायर कपाटात कुलूपबंद केली होती, त्याचं हे अक्षर.

"गेम कुठला?" बाबा शांतपणे म्हणाले. "पत्ते आहेत ते."

त्यांचंही बरोबर. पोकरचे डाव लावायचे, चिप्सना गुणकाने गुणायचं आणि गुणक फुगवायला दीडशे प्रकारचे जोकर. पैसा लावायचा नसतो, तरी २०२४ मध्ये युरोपात त्यावर 'अठरा वर्षांवरील' असा शिक्का होता. बाबांचं बहात्तरावं चालू आहे, तेव्हा कायद्याने काही अडचण नव्हती. शिवाय मेंढीकोटात आयुष्य गेलेलं. पूर्ण कॅटमधून बदाम सोडून बाकीचे पत्ते हळूहळू कमी करत न्यायचे, ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नव्हती. मला ती बघून कळली.

त्या रात्री यादी अर्धी टाकून मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. सातव्या फेरीपर्यंत आले होते. हातात एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, सगळे बदाम. आणि समोर बॉस आला 'द हेड'. त्याचा नियम: सगळे बदाम बाद.

"हा काय नियम झाला?" बाबा खुर्चीत ताठ झाले. "निदान आधी सांगायचं!"

"आधी लिहिलेलं असतं, बाबा. वाचायचं असतं."

उत्तर नाही. चष्मा कपाळावर, नजर बदामच्या राणीवर. तेवढ्यात दाराची बेल वाजली. हा गेम समोरच्याची वाट बघतो, घटकाभर काय, दिवसभर बघतो. म्हणून मी सवयीने म्हणालो, "बाबा, तुम्ही दाराजवळ आहात, जरा बघता का?"

"तू जा," ते मान न वळवता म्हणाले. "माझी उतारी आहे."