फ्लॅश नको, पण चेहरे स्पष्ट हवेत!

काल रात्रीच्या पार्टीचे फोटो आज दुपारी पाठवले. लगेच आयोजकाचा मेसेज: "अगं, सगळे फोटो डार्क आलेत. चेहरेच दिसत नाहीयेत कुणाचे. हा बघ, माझ्या मित्राने मोबाईलवर काढलाय, किती ब्राइट आहे!" आणि खाली त्या मित्राचा फोटो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

कारण याच माणसाने काल मला गेटवर अडवून सांगितलं होतं, "फ्लॅश मारायचा नाही हं. लोकांचा मूड जातो. डीजेलाही आवडत नाही." फोनवर बोलणं झालं तेव्हा मी फ्लॅश वापरणार हे स्वच्छ सांगितलं होतं आणि तेव्हा "हो हो, चालेल की" होतं. गेटवर मात्र नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवलेला, सेल रात्रभर चार्ज केलेले, पॉवर १/१६ वर, म्हणजे पूर्ण ताकदीच्या सोळाव्या भागावर लावून ठेवलेली. काढला आणि बॅगेत टाकला. काय करणार, आत तर जायचं होतं.

आत गेले तर स्टेजच्या मागे भलीमोठी एलईडी वॉल. दोन्ही बाजूंच्या ट्रसवर, म्हणजे धातूच्या सांगाड्यांवर, मूव्हिंग हेड, म्हणजे फिरणारे दिवे, आणि त्यांचे झोत सरळ आकाशात. लेझर. स्मोक मशीन. आणि जिथे माणसं नाचत होती तिथे? मिट्ट काळोख. एक दिवा नाही. साधा एक पिवळा हॅलोजनसुद्धा नाही. सगळा खर्च स्टेजवर आणि फोटो हवेत ते नाचणाऱ्यांच्या चेहऱ्यांचे! चेहऱ्यावर उजेडच पडला नाही तर तो मी आणू कुठून?

फ्लॅशने मूड जातो म्हणे. गाण्याचा ड्रॉप, म्हणजे ठेका एकदम जोरात कोसळतो तो क्षण, आला की स्टेजवरचा स्ट्रोब, म्हणजे लुकलुकणारा झगझगीत दिवा, एका सेकंदात कितीतरी वेळा लोकांच्या डोळ्यांवर फुटत होता. त्याने मूड जात नाही? माझा फ्लॅश १/१६ पॉवरवर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ पेटतो. तेवढ्याने मूड जातो? आणि नाचणारा प्रत्येक जण अधूनमधून मोबाईलचा टॉर्च लावून शेजारच्याच्या तोंडावर धरून रील काढत होता, त्याचं काय? त्यांना कुणी गेटवर अडवलं नाही. मोठा कॅमेरा दिसला की नियम आठवतात.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना फ्लॅशबंदी फारशी जड जात नाही. आमच्यासारख्यांना ती पुरती मारते. कॅमेऱ्यासोबत येणारा १८-५५ मिमीचा किट लेन्स ५५ ला नेला की अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, ५.६ वर अडकतं (आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), त्याच्या पुढे उघडतच नाही. कालच्या त्या अंधारात ६४०० आयएसओला (म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता इतकी वाढवूनही) ५.६ वर शटर मिळत होता १/८ सेकंद. नाचणारा माणूस १/८ ला! हात, केस, चेहरा, सगळा एकच ओघळ. म्हणून ५० चा एफ १.८ लावला. ५.६ च्या तुलनेत तो जवळपास दहापट उजेड आत घेतो, म्हणून शटर १/८० वर आला. पण नाच गोठवायला किमान १/१२५ लागतो आणि उड्या मारत असतील तर १/२५०. तिथवर नेलं की फोटो काळा. एलईडी वॉलवर गडद व्हिडिओ आला की आणखी काळा. म्हणून "डार्क आलेत." कारण डार्क होतं! तुम्ही तिथेच उभे होतात ना?

शिवाय क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या लहान चिपवर, ५० चा लेन्स ७५ ते ८० सारखा वागतो, दृश्य जवळ ओढतो. गर्दीत मागे सरकायला जागा नसते. चार जणांचा ग्रुप घ्यायचा तर कुणाच्या तरी पायावर पाय देत मागे जायचं आणि तोवर तो ग्रुप विखुरलेला असतो. एफ १.८ ला दोन मीटरवरच्या माणसावर फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, असते साधारण ११ सेंटिमीटर. एका ठेक्यात माणूस तेवढा पुढेमागे होतो. त्यात नवख्यांसाठीच्या स्वस्त डीएसएलआर कॅमेऱ्यात फोकसचे पॉइंट नऊ किंवा अकरा आणि त्यातला अंधारात भरवशाचा फक्त मधला एक. बाकीचे अंधार झाला की नुसते लेन्स पुढेमागे फिरवत बसतात. घूं, घूं, घूं. तोवर तो हसण्याचा क्षण गेला.

आता त्या मित्राच्या फोटोबद्दल. मी तो मोठा करून पाहिला. जरा तुम्हीही पाहा ना! पुढच्या मुलीचा उंचावलेला हात एक आहे, पण फोटोत बोटं सात-आठ दिसतात, कारण नाइट मोड एका मागोमाग एक फ्रेम घेऊन एकमेकींवर बसवतो आणि मुलगी तर हलत होती. तिचं कानातलं गालात विरघळलंय. मागच्या मुलाला भुवयाच नाहीत. सगळ्यांची कातडी मेणाच्या पुतळ्यासारखी गुळगुळीत. पण ब्राइट आहे! बस, ब्राइट असलं की चांगला. माझ्या फोटोत त्याच मुलीच्या कपाळावरचा घाम दिसतो, डोळे मिटलेले दिसतात, एक बट ओठांना चिकटलेली दिसते. थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आहे, थोडा काळोख आहे, पण ती तिथे आहे. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने फोटोग्राफर बोलावूच नये.

आणि तो निळा रंग! हल्ली प्रत्येक लाइटवाल्याला निळा आणि जांभळा यांखेरीज रंगच सुचत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर अर्धे पिक्सेल हिरव्याचे असतात, पाव लालचे आणि पाव निळ्याचे. शुद्ध निळ्या एलईडीखाली त्यातला जेमतेम पाव भाग कामाला लागतो, बाकीचे जवळपास उपाशी. वर कॅमेऱ्याचं मीटर फसतं. त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून एक्स्पोजर वाढवतं आणि निळा रंग फुटून चेहऱ्याच्या जागी सपाट निळा डाग उरतो. साध्या हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, ते कळतही नाही, तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम उघडावा लागतो. घरी आल्यावर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने जशीच्या तशी साठवलेली फाइल कितीही ओढाताण केली तरी जे फुटलं ते परत येत नाही. शेवटी ब्लॅक अँड व्हाइट करून जीव वाचवायचा. मग पुन्हा मेसेज: "कलरमध्ये नाहीत का?"

सायलेंट शटर लावला की वेगळीच कटकट. एलईडी दिवे डोळ्यांना सलग वाटतात, पण आतून ते झपाझप चालू-बंद होत असतात. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतो, त्यामुळे फोटोभर आडवे काळे पट्टे येतात. म्हणजे मेकॅनिकल शटरच हवा. तोही खाडखाड वाजतो म्हणून एकाने मला टोकलं होतं. छाती हादरवणाऱ्या बेसमध्ये माझ्या शटरचा आवाज!

लेझरबद्दल तर कुणी बोलतच नाही. लेझर शो करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएलडीए, स्वतः इशारा देते की झोत थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो. पिक्सेल मरतात, कधी अख्खी ओळ उमटते आणि ती प्रत्येक फोटोत राहते. मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, तर सेन्सर सतत उघडाच. स्वस्त कॅमेऱ्यात सेन्सर बदलणं म्हणजे जवळपास नवा कॅमेरा घेणं. लेझरचे झोत लोकांच्या डोक्यांवरून जावेत, गर्दीत नकोत, एवढं साधं पथ्य असतं. काल ते छातीच्या उंचीवर फिरत होते. मी कॅमेरा पोटाशी धरून पाठ वळवून उभी राहिले. आधी सांगून ठेवलं होतं, तेव्हाही उत्तर "हो हो, बघतो" एवढंच. लोकांचे डोळेही तिथेच होते हो! निदान त्यांच्यासाठी तरी!

धुराचं एक बरं असतं, झोत दिसतात. पण मशीन थेट नाचणाऱ्यांच्या गुडघ्यांशी ठेवलं की फोटोत पांढरी भिंत. उघड्या मैदानात नाचून उडालेली धूळ वेगळी. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावला की तिचे पांढरे गोळे फोटोभर. आणि अशा धुळीत लेन्स बदलायचा म्हणजे सेन्सरवर माती घेऊन घरी यायचं.

मग येतात सल्लागार. "फुल फ्रेम घे." "७०-२०० एफ २.८ शिवाय काही होत नाही." "तुझं गिअरच कमी पडतं." कान किटले माझे. फुल फ्रेमने सेन्सर सव्वादोन ते अडीचपट मोठा मिळतो, म्हणजे साधारण एका स्टॉपहून (स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा जास्त फायदा. चेहऱ्यावर उजेडच नसेल तर तो स्टॉप कुठे चाटायचा? या लोकांनी नवख्यांचं फार नुकसान केलंय. कर्ज काढून कॅमेरे घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. पहिल्याच पार्टीत त्यांनाही "डार्क आलेत" ऐकावं लागलं.

मालीची राजधानी बामाकोतला फोटोग्राफर मलिक सिदीबे कुठे फुल फ्रेम घेऊन हिंडत होता? त्याचा पहिला कॅमेरा १९५६ साली घेतलेला, ब्राउनी फ्लॅश. सायकलवर बसून एका रात्रीत अनेक पार्ट्या गाठायचा, परत येऊन फिल्म धुवायचा आणि छोटे प्रिंट स्टुडिओत लावायचा, म्हणजे पोरंपोरी येऊन आपापला फोटो शोधणार. १९६३ चा त्याचा नाताळच्या रात्रीचा फोटो बघा. नाचणारी जोडी, दोघांची डोकी खाली झुकलेली, कपाळं जवळपास टेकलेली, मुलगी अनवाणी. त्या रात्रीचा आनंद साठ वर्षांनंतरही त्यात आहे. २००७ मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनाने त्याला जीवनगौरवाचा गोल्डन लायन दिला, हा मान मिळवणारा तो पहिला फोटोग्राफर. आणि तो फ्लॅश घेऊन जायचा! पार्टीत फोटोग्राफर आला की मजा वाढायची. आपल्याकडे मूड जातो!

कमी पैशात रात्रीचा नाच टिपायचा तर फ्लॅश हाच खरा आधार आहे. साधा मॅन्युअल फ्लॅश, टीटीएल, म्हणजे आपोआप पॉवर ठरवणारी सोय, नसली तरी चालतो. शटर १/१० वर ठेवायचा, रिअर कर्टन सिंक, म्हणजे शटर बंद होण्याच्या अगदी आधी फ्लॅश पेटण्याची सोय, लावायची, पॉवर कमी. दिव्यांच्या रेघा ओढल्या जातात आणि शेवटी फ्लॅश पेटून चेहरा लख्ख गोठतो. उघड्यावर छत नसतं, त्यामुळे उजेड बाउन्स करायला, म्हणजे आपटून परत आणायला, काही नाही. मग मागे पांढरा कार्ड लावायचा, नाहीतर फ्लॅश हातात धरून बाजूने मारायचा. अंतर सांभाळावं लागतं, कारण दुप्पट लांब गेलं की उजेड चौथाई होतो. पुढचा पांढराफटक आणि मागचा गडप असं होऊ नये म्हणून आपण हलायचं, गर्दीत घुसायचं. हे सगळं मी शिकले, घरच्यांना अंधारात नाचायला लावून सराव केला. किट लेन्सवरसुद्धा याने सुंदर फोटो येतात. आणि तेच एक हत्यार गेटवर काढून घ्यायचं, वर फोटो कसे आले म्हणून विचारायचं!

मेहनतान्याचा विषय तर काढूच नका. "आत्ता नाही, पण क्रेडिट देऊ." क्रेडिट म्हणजे काय, तर माझा फोटो उभा कापायचा, त्यावर भडक फिल्टर मारायचा, कोपऱ्यात स्वतःचा लोगो टाकायचा आणि माझं नाव कॅप्शनच्या तळाशी, तेही चुकीचं. डीजेला पैसे, लाइटवाल्याला पैसे, स्मोक मशीनवाल्याला पैसे. पार्टी संपल्यावर लोकांकडे उरतात ते फोटो, आणि ते काढणारीला क्रेडिट! डार्क फोटोंवर तक्रार करणाऱ्या त्याच माणसाने काल मध्यरात्रीच त्यातले तीन माझ्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरून मोबाईलवर टिपून स्टोरीला टाकले होते, हे विशेष.

मला यांच्याकडून फार काही नको आहे. डान्स फ्लोअरच्या दोन कोपऱ्यांत दोन एलईडी पार, म्हणजे स्टेजवर वापरतात ते गोल दिवे, डोक्याच्या बरेच वर, वॉर्म व्हाइट किंवा अंबर, तोंड नाचणाऱ्यांकडे. मंद ठेवा, स्टेजचा झगमगाट जराही कमी होणार नाही. लाइटवाल्याच्या गाडीत असे पार पडलेले असतात, मी स्वतः पाहिलेत. उतरवायला आणि वळवायला दोन माणसं आणि थोडासा वेळ, बस. ते लावा, नाहीतर मला फ्लॅश मारू द्या. दोन्ही जमणार नसेल तर त्या मोबाईलवाल्या मित्रालाच बोलवा.