टोप्यांची ऑर्डर कोणाची?

अण्णा हजारेंच्या आंदोलनात पुढं असलेल्या प्रशांत भूषण यांची ती २०२० ची मुलाखत परवा कुणीतरी पुन्हा ग्रुपवर टाकली आणि रात्री बेळगावच्या टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आमच्या कट्ट्यावर जुंपली.

सुनील घरूनच तापून आलेला. "बघा, आता त्यांच्यातलाच माणूस सांगतोय. अण्णांच्या आंदोलनाला भाजप आणि संघाची फूस होती. वापरलं लेको आपल्याला!"

"आपल्याला नव्हे, तुला," परशराम म्हणाला. "मी घरात झोपलो होतो."

हे खरंच आहे. २०११ च्या ऑगस्टात 'मी अण्णा'ची टोपी घालून चन्नम्मा सर्कलला मेणबत्ती धरून उभा होता तो सुनीलच. आणि त्याच महिन्यात उताऱ्यावर नाव चढवायला एका कचेरीत पाकीट देऊन आला तोही सुनीलच. आत जाताना टोपी खिशात घातली होती, हे त्यानंच सांगितलेलं. आम्ही काय ते विसरणार!

वकीलसाहेबांनी घसा खाकरला. "मुद्दा असा आहे की..." (यांचं प्रत्येक वाक्य इथूनच निघतं. घरी मीठ मागतानाही असंच मागत असावेत.) "संघ संघटना म्हणून त्यात नव्हता. स्वयंसेवक नागरिक या नात्याने सहभागी होते."

"म्हणजे पंगतीला जेवले, पण आहेराच्या वहीत नाव नाही," मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे आमचे टेलर. वडगाव रोडला दुकान. दिवसभर मान खाली घालून मशीन मारतात, रात्री कट्ट्यावर मान वर करतात.

वकीलसाहेबांना ते लागलं. "लपवायचंय काय त्यात? मार्चमध्येच पुत्तूरला, आपल्याच कर्नाटकात, संघाच्या प्रतिनिधी सभेने भ्रष्टाचाराविरुद्ध ठराव केला. अण्णा जंतरमंतरवर बसले ५ एप्रिलला. संघाचे सरकार्यवाह भैय्याजी जोशींनी पाठिंब्याचं पत्र दिलं. सगळं उघड आहे!"

"साहेब, तुम्ही नक्की कोणाची केस लढवताय?" मी विचारलं.

सुनीलला जोर चढला. "आणि स्टेजच्या मागं ती भारतमाता? बोंबाबोंब झाली तेव्हा रामलीला मैदानावर तिच्या जागी गांधीजी आले."

"मग उमा भारतींना जंतरमंतरवरनं परत का पाठवलं?" परशराम.

"सतरंज्या उचलणारे पाहिजे होते की त्यांना," मास्तर म्हणाले. "खुर्ची मागणारे नको होते. मोर्चा काढायला माणसं लागतात, गड्यांनो. पाणी वाटायला, गाड्या भरायला, बॅनर बांधायला. केजरीवालांकडं काय होतं तेव्हा? टीव्हीवाले आणि मिस्ड कॉल. शाखेतली पोरं पहाटे पाचला हजर होत्यात. मग पीक कापायलाही तीच येणार."

मला विचाराल तर कटकारस्थानाच्या सगळ्या गोष्टींपेक्षा हे जास्त पटतं. पण सुनीलला कटच पाहिजे होता. आपण फसलो म्हटलं की आपण बावळट होतो हे म्हणावं लागत नाही.

परशराम महाराष्ट्र एकीकरण समितीचा, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात पाहिजे म्हणणाऱ्यांतला. त्याचं दुखणं वेगळं. "भगवं दिसलं की संघ, हे दिल्लीचं खूळ. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला आम्ही काळी फीत बांधून भगवा घेऊनच जातो. आम्ही काय शाखेत जातो?"

"तू नाही. तुझा पोरगा जातोय की."

परशरामनं चहाचा कप खाली ठेवला.

"रागावू नको," मास्तर म्हणाले. "२०१३ ला समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला एक नाही, २०२३ ला एक नाही. झेंडा तुझ्याच हातात ठेवला, मतं तेवढी घेऊन गेले."

"फूट पडली म्हणून! एका जागेला दोन-दोन उमेदवार! आणि त्यातल्या बंडखोराच्या जीपमध्ये पुढं कोण बसलं होतं, सांगू?"

पुढं मीच बसलो होतो. त्यावर बराच वेळ गेला. तो इथं लिहीत नाही.

गाडी पुन्हा भ्रष्टाचारावर आणली ती मास्तरांनीच. "ते संतोष हेगडे आठवतात? लोकपालच्या मसुदा समितीत होते. त्याच उन्हाळ्यानंतर, जुलैत, लोकायुक्त म्हणून त्यांनी बळ्ळारीच्या खाणींचा अहवाल दिला. भाजपच्या येडियुरप्पांना मुख्यमंत्रिपदावरनं जावं लागलं. तेव्हा चन्नम्मा सर्कलला मेणबत्ती घेऊन कोण उभं होतं?"

"२०१६ ला निर्दोष सुटले ते," वकीलसाहेब ताडकन म्हणाले.

"सुटू देत की. मी मेणबत्तीचं विचारतोय. आणि हिंडलग्याचा तो कंत्राटदार? हिंदुत्वाच्याच संघटनेतला. रस्त्यांची बिलं अडली, मंत्री ईश्वरप्पा चाळीस टक्के कमिशन मागतात म्हणून ओरडला, आणि २०२२ ला उडुपीच्या लॉजवर जीव दिला."

"ईश्वरप्पांना पोलिसांनी क्लीन चिट दिली आहे."

"होय, दिली. पण पोरगा तुमचाच होता की, साहेब. त्याच्यासाठी टोप्या शिवायला कोण आलं नाही माझ्याकडं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सुनीलनं विचारलं, "म्हणजे २०११ ला आले होते?"

"कोण म्हणजे? तूच होतास की! अण्णांना तिहारला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू आणि शाखेतला एक, दोघं एका एम-एटीवर. मांजरपाटाचा तागा मांडीवर घेऊन. एका रात्रीत पाहिजेत म्हणून शाई वाळायच्या आत घड्या घातल्या, तर निम्म्या टोप्यांवर 'अण्णा' उलटा उमटला. तरी नेल्या. ॲडव्हान्स शाखेवाल्यानं दिला. तुझ्याकडं दमडी नव्हती."

"आणि बाकीचे पैसे?"

"यायचेत."

"लोकपालसारखंच झालं," परशराम म्हणाला. "कायदा २०१३ चा, माणूस नेमला २०१९ ला."

वकीलसाहेब पुन्हा सरसावले. "मुद्दा असा आहे की, शिलाईच्या पैशाचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. आता तो मुदतबाह्य. शिवाय लेखी काही आहे का?"

"आहे की. वहीत सही आहे. खाली 'खजिनदार' असंही लिहिलंय."

"कोणाची सही?"

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "तुमची, साहेब. नागरिक या नात्याने."

परशरामच्या नाकातनं चहा आला. वकीलसाहेब स्कूटरची किल्ली शोधायला लागले, ती त्यांच्या हातातच होती. ते वळणावर पोचले तरी सुनील मागनं ओरडत होता, "मास्तर, लोकपालाकडं तक्रार टाकू काय?"

"टाक की. कचेरीत जायची तुला सवय आहे."