गोवा वेल्हाची संतांची मिरवणूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गोव्यातल्या गोवा वेल्हा गावी दरवर्षी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. तिच्याबद्दल ‘पोर्तुगीज गेले, मग त्यांचा हा देखावा कशाला जपायचा? प्रार्थना चर्चच्या आत करा, रस्ता अडवू नका,’ असं तुम्ही लिहिलंत. पहिला मुद्दा मला अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिरवणूक सतराव्या शतकातली, गावाजवळच्या पिलारच्या टेकडीवरच्या फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या पंथाच्या) मठातल्या साधूंनी सुरू केलेली, हे खरंच. पण ती मोडली कोणी? खुद्द पोर्तुगीज सरकारनं! 1834 मध्ये लिस्बननं पुरुषांचे सगळे धार्मिक संघ बरखास्त केले, साधूंना मठ सोडावा लागला, मिरवणूक थांबली, कितीतरी मूर्ती खराब झाल्या, हरवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पुन्हा निघाली तेव्हा ते साधू पिलारला नव्हते. तेव्हापासून ती सांत आंद्रे चर्चची, म्हणजे गावाची आहे. राज्यकर्त्यांचा देखावा असता, तर राज्यकर्त्यांनीच मोडल्यावर तो कोणी परत उभा केला असता?

आणि मान कोणाचा, तेही बघा. मिरवणूक फ्रान्सिस्कनांच्या ‘तृतीय संघा’च्या संतांची. हा संघ संसारी माणसांसाठी, लग्न करून, कामधंदा सांभाळून व्रत पाळणाऱ्यांसाठी. फ्रान्सचा राजा लुई आणि हंगेरीची एलिझाबेथ हे त्याचे आश्रयदाते संत, दोघंही मुलाबाळांचे. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्ती खांद्यावरून निघतात, तेव्हा खाली चालणारेही तसेच संसारी असतात. मूर्ती जड असतात. खांदा द्यायला मिळावा म्हणून माणसं कामावर रजा टाकून येतात. याला देखावा म्हणणं मला फार लागलं. दर्शनाला हिंदू कुटुंबंही येतात, आणि जत्रेतले हातपंखे घेतल्याशिवाय कोणी परतत नाही. चैत्रातल्या उकाड्यात ते लागतातच.

‘आत करा’ म्हणता, पण मिरवणुकीचा अर्थच चालण्यात आहे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी चर्चला येऊ शकत नाही, म्हणून संत तिच्या दारावरून जातात. वारीच्या वाटेवरच्या गावांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

रस्त्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं रास्त आहे. पणजी-मडगाव वाहतूक तिथूनच जाते, आणि रुग्णवाहिकेला वाट मिळालीच पाहिजे. स्वयंसेवक वाढवावेत, पर्यायी रस्त्याची सूचना आदल्या आठवड्यात लागावी. एवढं लिहून मी चर्चच्या समितीकडे देणार आहे. तुम्ही याच रस्त्यानं रोज जाता ना? मग वाहनं नेमकी कुठे अडकतात ते इथे लिहा, पत्रात घालतो.