साक्षीदार म्हणून माझी सही आहे

बाळ दत्तक जाण्यासाठी सोपवणारी आई स्वतःच 18 च्या आतली असेल, तर समर्पणपत्रावर तिच्यासोबतच्या मोठ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. त्या दिवशी सोबत मी होते. दर शनिवारी मुलींच्या बालगृहात गणित शिकवायला जायची, दहावीला बाहेरून बसायचे 17 नंबरचे फॉर्म मुलींना भरून द्यायची. ही त्यातलीच एक, 17 वर्षांची. (ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. कायद्याने लिहिता येत नाही आणि लिहूही नये.)

बाहेर आलो तर मे महिन्याचं आपलं नागपुरी ऊन. रसवंतीवर बसलो. तिने ग्लास हातातच धरून ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, दोन महिने देल्ले म्हणते मले इचार कराले. पण त्याले घेऊन मी राहू कुठी, थे कोनीच सांगत नाही."

माझ्याकडेही उत्तर नव्हतं. सही मात्र करून आले होते.

दोन महिन्यांची ती तरतूद खरी आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात बाळ सोपवल्यावर आईला फेरविचारासाठी तेवढी मुदत दिली आहे. ज्याने कोणी ते कलम लिहिलं त्याला बाळंतिणीचं मन कळत असणार. पण त्या दोन महिन्यांत हिच्या वाट्याला काय आलं? बाळ शिशुगृहात, ही बालगृहात. दोन इमारती, दोन रजिस्टरं, दोन फायली. दूध भरून यायचं, कुर्ता ओला व्हायचा, तर "घट्ट बांधून ठेव, आटेल" एवढाच सल्ला. दहावीच्या पुस्तकात डोकं घालून बसायची बिचारी. मी तिला वर्गसमीकरणं शिकवत होते! आज आठवलं की लाज वाटते.

प्रत्येक पोरीने बाळ ठेवावंच असं माझं म्हणणं नाही. काहींना त्या बाळाकडे बघवतही नाही, आणि का बघवत नाही हे विचारायचा आपल्याला अधिकार नाही. गर्भपाताच्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली, अल्पवयीन मुलींसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत गेली. पण या पोरींचं कळतंच मुळी सहाव्या-सातव्या महिन्यात. मग वकील, हायकोर्ट, मेडिकल बोर्ड. असो, तो वेगळा विषय.

मला बोलायचंय ते ज्या पोरीला बाळ हवं होतं तिच्याबद्दल. किंवा हवं की नको हेच अजून ठरलं नव्हतं तिच्याबद्दल. डोक्यावर छप्पर नाही, हातात पैसा नाही, बाळाला न्हाऊ कसं घालायचं हे दाखवणारी माय नाही. अशा पोरीने काय ठरवायचं? तिचं पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. उरलेले 59 दिवस फक्त मोजायचे.

योजना नाहीत असं नाही. बाळंतिणीला पैसे देणारी मातृवंदना आहे, पण तिथे वय आडवं येतं. बाल संगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये मिळतात, एक पालक असलेली मुलं त्यात बसतात. मात्र उत्पन्नाचा दाखला आणा, रहिवासी दाखला आणा. संस्थेत वाढलेल्या पोरीने ते कुठून आणायचे? सज्ञान बाईला लेकरासकट राहायला शक्ती सदन नावाचा सरकारी निवारा आहे. आई झालेल्या 17 वर्षांच्या पोरीचं मात्र आपल्याला नक्की काय करायचं तेच सुचलेलं नाही. ती बालकही आहे आणि पालकही, आणि कोणत्याही फॉर्मवर दोन्ही चौकटींत टिक करता येत नाही.

कॅलिफोर्नियात यावर एक साधी सोय आहे. प्रतिपालक कुटुंब, म्हणजे दत्तक न घेता परकं मूल काही काळ घरी सांभाळणारं कुटुंब (फॉस्टर केअर), ते मुलगी आणि बाळ दोघांनाही एकाच घरात ठेवतं. बाळ आपोआप सरकारच्या ताब्यात जात नाही, ते पोरीचंच राहतं. घरातल्या बाईने तिला आईपण शिकवायचं, स्वतः त्या बाळाची आई होऊन बसायचं नाही. शेवटची अट आपल्याकडच्या मावश्या-काकूंना जड जाईल, मलाही जाईल.

परक्या बाळंतिणीला जागा देणं आपल्या गावाला नवीन नाही. कमलाताई होस्पेटांनी 1921 मध्ये इथेच मातृ सेवा संघ काढला. स्वतः बालविधवा, नर्सिंग शिकलेली बाई. त्या काळात लोक काय म्हणत असतील याची कल्पना करा.

प्रतिपालकत्वाची 2024 ची नवी नियमावली आली, एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येतं असं वाचलं आणि मागच्या आठवड्यात मी चौकशीला गेले. मुलगा पुण्याला असतो, वरची खोली रिकामी आहे. विचारलं, मुलगी आणि तिचं बाळ दोघांना मिळून ठेवता येईल का? समोरच्या ताईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "असं अजून कोणी विचारलं नाही," म्हणाल्या. मग जरा थांबून, "लेखी द्या, वर पाठवते."

अर्ज दिलाय. पोच घेतली आहे. यांना अजून सांगायचं आहे.